चित्रातील नग्न स्त्री आणि पाहणारे आपण
(पालम येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बाहेरच्या फलकावर आजच्या व्याख्यानाचा विषय 'आधुनिक चित्रकला' एवढाच लिहिलेला आहे. आम्ही कळविलेला विषय यापेक्षा लांब होता. त्यातील नेमके दोन शब्द गळाले आहेत, आणि ते का गळाले हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. संयोजकांवर आमचा रोष नाही. भर बाजारातल्या फलकावर 'नग्न स्त्री' हे शब्द लिहिणे कोणालाही जड जाईल. परंतु जे शब्द फलकावर येऊ शकले नाहीत, त्यांच्याविषयीच आज बोलावयाचे आहे. कारण आधुनिक चित्रकलेचा निम्मा झगडा या दोन शब्दांभोवती झालेला आहे.

प्रथम एक लहानशी आठवण सांगतो. आमच्या विद्यार्थिदशेत एका गावच्या वाचनालयात पाश्चात्त्य चित्रांचे एक जाडजूड पुस्तक होते. त्यातील काही पानांवर कोणा दक्ष माणसाने खळ लावून तपकिरी कागद चिकटविले होते. कागद किती ठिकाणी आहेत हे आम्हां सर्व मुलांना पाठ होते. पान खिडकीशी उजेडात धरले की आतील आकृती पुसटशी दिसे. आम्ही त्या पुस्तकातील डोंगर पाहिले नाहीत, समुद्र पाहिले नाहीत, म्हातारी माणसे पाहिली नाहीत. आम्ही फक्त कागद चिकटविलेली पाने पाहिली. आणि खरे सांगायचे तर तीही पाहिली नाहीत. तो कागद आम्हांला एकच गोष्ट शिकवून गेला, की येथे पाहण्यासारखे काय आहे ते एवढेच आहे. पुढे पुष्कळ वर्षांनी त्यांतील काही चित्रे उघडी पाहावयास मिळाली, तेव्हा कळले की त्या बायांना चेहरे होते. काहींच्या चेहऱ्यावर थकवा होता, काहींच्या चेहऱ्यावर कंटाळा होता, एकीच्या डोळ्यांत तर स्पष्ट उपहास होता. कागदाने आमच्यापासून अंग लपविले नव्हते, चेहरा लपविला होता.

तेव्हा अशा चित्राचा अर्थ लावायचा कसा, हा आजचा प्रश्न आहे. युरोपातील पंडितांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. केनेथ क्लार्क यांनी १९५६ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि कपडे नसल्यामुळे अवघडलेले शरीर वेगळे व कलेने घडविलेले शरीर वेगळे, असा भेद केला. पुढे १९७२ मध्ये जॉन बर्जर यांनी तोच भेद उलटा करून दाखविला. स्वतःच्या कातडीत असणे म्हणजे स्वतः असणे, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी मांडले जाणे म्हणजे वस्तू होणे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या भाषेत या भेदासाठी दोन शब्द आहेत. आपल्या मराठीची श्रीमंती अशी की आपल्याजवळ चार आहेत : नागवी, विवस्त्र, नग्न आणि दिगंबर. हे चार शब्द एकाच अर्थाचे आहेत असे कोशात वाटते. वापरात मात्र ते एकमेकांपासून फार दूर आहेत. नागवणे म्हणजे लुबाडणे. सावकाराने कुळाला नागविले असे आपण म्हणतो. विवस्त्र म्हटले की द्रौपदीची सभा आठवते. तेथे कोणीतरी वस्त्र ओढणारा असतो आणि मान खाली घालून बसलेले पुष्कळ असतात. नग्न हा शब्द सरळ आहे. वस्त्र नाही, इतकेच तो सांगतो. आणि दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचे वस्त्र. त्याला काही कमी पडलेले नसते.

आमचे म्हणणे एवढेच आहे : चित्रासमोर उभे राहिल्यावर किती वस्त्र आहे हे मोजू नये. या चौघींपैकी ही कोण, हे विचारावे. आणि ते ओळखण्याची खूण म्हणजे एकच प्रश्न : हिचे स्वतःचे असे हिच्याकडे काय उरले आहे?

आता परदेशी जाण्यापूर्वी आपल्या गोदाकाठाकडे पाहू. येथून जवळच, गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. मराठवाड्यातील चालुक्य-यादवांच्या काळातील मंदिरांवर अशा सुंदरींचे किती प्रकार आढळतात! कोणी आरशात पाहते, कोणी पत्र लिहिते, कोणी पायातला काटा काढते, कोणाचे लुगडे माकड ओढते आणि ती त्याला हाकलते. त्यांच्या अंगावर दागिने पुष्कळ, वस्त्र बेताचेच. तरी आपल्या आज्या-पणज्या मुलाबाळांना कडेवर घेऊन त्यांच्यासमोरून प्रदक्षिणा घालीत आल्या, आणि कोणालाही तपकिरी कागद आठवला नाही. याचे कारण त्या देवळावर आहेत एवढेच नाही. त्या प्रत्येकीला काहीतरी काम आहे. ती आपल्या उद्योगात गढलेली आहे, आपण पाहतो आहोत की नाही याची तिला फिकीर नाही.

अजिंठ्याच्या लेण्यांतही तसेच. तेथे राणी कमरेच्या वर जवळजवळ अनावृत असते आणि शेजारची दासी पुष्कळदा चोळी किंवा अंगरखा घातलेली असते. म्हणजे वस्त्र हे प्रतिष्ठेचे माप नव्हते. त्याहूनही जुनी गोष्ट हवी असेल तर ती इटलीत सापडते. पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये उत्खननात एक वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. दागिन्यांनी मढलेली, वस्त्रहीन, दोन्ही बाजूंना दोन लहान सख्या. ती भारतातून गेलेली आहे. तिच्याशी जुळणारे हस्तिदंती काम जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाले असल्याने ती मराठवाड्याच्या कारागिराच्या हातची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. 'हे फॅड पश्चिमेकडून आले' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की एकोणीसशे वर्षांपूर्वी आपणच ते पश्चिमेकडे पाठवीत होतो.

मग मधल्या काळात झाले काय? पुष्कळ काही झाले; राज्ये बदलली, विलायती शिष्टाचार आला. चित्रांपुरते बोलायचे तर राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यातून निघालेल्या देवता घरोघर भिंतीवर आल्या. त्या लुगडे नेसलेल्या, भरजरी पदर घेतलेल्या होत्या. ती चित्रे सुंदर आहेत. परंतु दोन पिढ्यांत आपली नजर अशी बनली की देवी म्हणजे लुगड्यातली स्त्री, आणि वस्त्र नसलेली स्त्री म्हणजे दुसरेच काही.

आता आधुनिक चित्रकलेकडे येऊ. पॅरिसमध्ये १८६३ साली काबानेल नावाच्या चित्रकाराने लाटांवर पहुडलेली व्हीनस दाखविली. तिने हात कपाळावर घेतला आहे, डोळे जवळजवळ मिटलेले आहेत. तिला पाहणाऱ्यांस कसलीच अडचण नाही, कारण ती पाहणाऱ्यांकडे पाहत नाही. ते चित्र सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतले. त्याच वर्षी माने या चित्रकाराने 'ऑलिम्पिया' रंगविले आणि १८६५ साली ते प्रदर्शनात लागले. तीही पलंगावर तशीच निजली आहे. पण ती मान वर करून सरळ आपल्याकडे पाहते. तिने कोणाला आत घ्यावयाचे हे जणू तीच ठरविणार आहे. लोक इतके संतापले की ते चित्र हात पोचणार नाही इतके उंच टांगावे लागले. अंगावर वस्त्र दोघींच्याही नाही. एकीला सम्राटाने उचलले, दुसरीला शिव्या मिळाल्या. का? पहिलीजवळ तिचे काहीच उरलेले नव्हते. नाव देवीचे, डोळे मिटलेले. ती नागवी होती आणि त्यात सर्व सभ्य गृहस्थ सुखी होते. दुसरीने एकच गोष्ट स्वतःकडे ठेवली होती : नजर. ती सभ्य गृहस्थांना खपली नाही.

त्या ऑलिम्पियासाठी बसलेल्या मुलीचे नाव व्हिक्तोरीन म्यूराँ. ती पुढे स्वतः चित्रकार झाली. १८७६ च्या पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात तिचे चित्र स्वीकारले गेले आणि त्या वर्षी माने यांची चित्रे नाकारली गेली. इतिहासाला कधीकधी विनोद करण्याची लहर येते.

विवस्त्र म्हणजे काय हे पिकासोच्या १९०७ च्या चित्रात दिसते. बार्सिलोनातील एका कोठ्यावरच्या पाच स्त्रिया. अंगे मोडून कोनाकोनांची केलेली, दोघींच्या तोंडांवर जणू मुखवटे. हे चित्र सुंदर नाही आणि सुंदर होण्यासाठी काढलेलेही नाही. ते पाहणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या जागी नेऊन उभे करते. सभेत वस्त्र ओढले जात असताना आपण कोठे बसलो होतो, असा प्रश्न ते विचारते. अशी चित्रे पाहून अस्वस्थ वाटले तर आपली रसिकता कमी आहे असे समजू नये; त्यांचा हेतूच तो असतो.

आणि तिसरी, नुसती नग्न. तिच्यासाठी आम्ही आपल्या अमृता शेरगिलचे नाव घेऊ. पॅरिसमध्ये शिकत असताना, वयाच्या विशीत, तिने १९३३ साली 'व्यावसायिक मॉडेल' नावाचे चित्र काढले. पैशासाठी चित्रकारांपुढे बसणारी एक वय झालेली, आजारी, खंगलेली बाई. अंग ओघळलेले, चेहरा थकलेला. या बाईला पाहून कोणाचे चित्त चळणार नाही. चळले तर ते कणवेने चळेल. चित्रकार त्या बाईला सजवीत नाही आणि तिची थट्टाही करीत नाही. हिचे हिच्याकडे काय उरले आहे असे विचारले, तर उत्तर असे की तिचे सगळे आयुष्य उरले आहे. पुढच्याच वर्षी अमृताने स्वतःलाच ताहिती बेटावरील स्त्रीच्या रूपात, कमरेच्या वर अनावृत रंगविले. गोगँ या फ्रेंच चित्रकाराने त्या बेटावरील सावळ्या मुली रंगवून मोठे नाव मिळविले होते. अमृता जणू म्हणते, की ज्या रंगाच्या अंगाला तुम्ही आजवर पाहत आलात, ते अंग आता स्वतः कुंचला धरीत आहे. १९३६ च्या अखेरीस ती अजिंठ्याला आली आणि त्यानंतर तिची चित्रकला पार बदलली. १९४१ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लाहोरला तिचा अंत झाला.

आपल्या मुंबईत हा झगडा कसा झाला तेही थोडक्यात सांगतो. सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळा १८५७ पासूनची. तेथे कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १९१९ नंतर, जिवंत नग्न मॉडेलवरून रेखाटन शिकविणे सुरू झाले. १९४७ साली मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह' गट निघाला. त्यातले के. एच. आरा हे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातील, सिकंदराबादेजवळच्या बोलारमचे. लहानपणी पळून मुंबईस आले, घरकाम केले, मोटारी धुतल्या आणि रात्री चित्रे काढली. नग्न स्त्री हा विषय सातत्याने हाताळणाऱ्या आपल्या पहिल्या आधुनिक चित्रकारांत त्यांची गणना होते. त्यांच्या स्त्रिया भरदार, जड अंगाच्या, काही पाठमोऱ्या बसलेल्या. दुसरा गोव्यातल्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा. १९४९ मध्ये त्याने स्वतःचेच नग्न चित्र प्रदर्शनात मांडले आणि पोलिसांचा ससेमिरा मागे लागला. त्याच वर्षी तो लंडनला गेला.

त्याहून मोठा प्रसंग १९५४ सालचा. अकबर पदमसी या सव्वीस वर्षांच्या तरुणाचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन जहांगीर आर्ट गॅलरीत भरले होते. त्यात 'प्रेमी' नावाची दोन चित्रे होती. पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर. पोलिसांनी चित्रे उतरवा म्हटले, त्याने उतरवली नाहीत, त्याला अटक झाली. खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. आता आपण वेरूळला जाऊन उमा-महेश्वराचे शिल्प आठवा. महादेवाचा हात कोठे असतो? तो हात आपण हजार वर्षे नमस्कार करून पाहिला. गंमत अशी की दंडसंहितेच्या अश्लीलतेच्या कलमातच अपवाद होता, की प्राचीन स्मारकांवरील व देवळांवरील मूर्तींना हे कलम लागू नाही. २०२४ च्या जुलैपासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यातही तो अपवाद कायम आहे. म्हणजे धारासूरच्या सुंदरीला कायद्याने अभय दिले आहे. तिच्या आजच्या बहिणीला मात्र कोर्टाची पायरी चढावी लागते. तीही तिने वेळोवेळी चढली. मुंबईच्या कस्टम्स खात्याने सोझा आणि पदमसी यांच्या सात कलाकृती अश्लील म्हणून जप्त केल्या होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते असे स्पष्ट सांगितले. सत्तर वर्षांनी तोच निकाल पुन्हा मिळवावा लागला.

येथे एक अवघड नाव टाळून पुढे जाणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, १९१५ चा जन्म. त्यांनी १९७० च्या दशकात देवीदेवतांची काही नग्न रेखाचित्रे काढली होती. १९९६ मध्ये ती एका नियतकालिकातून लोकांसमोर आली आणि रोष उसळला. खटले झाले, प्रदर्शनांवर हल्ले झाले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, परंतु ते परत आले नाहीत. २०११ मध्ये लंडनला वारले. या वादात एक बाजू अडाणी आणि दुसरी शहाणी असे आम्ही मानीत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे भांडण एका शब्दाचे होते. चित्रकार म्हणत होता, मी देवीला दिगंबर काढली आहे. आपल्या परंपरेत नग्नता म्हणजे शुद्धता. पाहणारा म्हणत होता, तू माझ्या आईला विवस्त्र केलीस. रेघ तीच, शब्द दोन. जो दुखावला त्याने आपला शब्द का निवडला हे सांगावे, चित्रकाराने आपला का निवडला हे सांगावे. असे बोलणे होणे म्हणजे चित्राचा अर्थ लावणे. काच फोडल्याने अर्थ लागत नाही. आणि 'तुम्हांला कळत नाही' म्हणून पाठ फिरविल्यानेही लागत नाही.

दिगंबर हा शब्द पेलणे सोपे नाही, हेही खरे. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जिनमूर्तींपुढे उभे राहिले की तो शब्द कळतो. स्त्रीच्या बाबतीत तो आपण फार थोड्यांना दिला. कल्याणच्या अक्कमहादेवीला दिला. तिने सर्वस्व टाकले तेव्हा वस्त्रही टाकले आणि केसांनी अंग झाकले, असे सांगतात. तेरला मिळालेल्या लज्जागौरीला दिला. तिच्या मूर्तींत मस्तकाच्या जागी कमळ असते, आणि ती भूमीसारखी प्रसवणारी माता म्हणून पुजली गेली. तिचा शोध डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात घेतला आहे. तो ग्रंथ जिज्ञासूंनी अवश्य वाचावा. आधुनिक चित्रकाराने ही उंची गाठल्याची उदाहरणे आम्हांला थोडी दिसतात. परंतु नागवीपासून नग्न स्त्रीपर्यंत जरी चित्रकला आली, तरी तिने बरीच वाट चालली असे आम्ही म्हणू.

आता शेवटचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. या सगळ्या चित्रांसाठी कोणीतरी बसलेले असते. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते, सालही असते. आणि बाईच्या जागी 'न्यूड' एवढाच शब्द असतो. २०१८ मध्ये 'न्यूड' नावाचाच मराठी चित्रपट आला; रवी जाधव यांनी केलेला. गावाहून मुंबईस आलेली यमुना, मुलाला शिकवायचे म्हणून कलाशाळेत विद्यार्थ्यांपुढे बसते आणि घरी लपवते. २०१७ च्या गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवातून तो चित्रपट वगळला गेला; पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये चित्रगृहात आला. कथा कल्पित असली तरी ती बाई कल्पित नाही. तासन्‌तास हात अवघडेपर्यंत एका जागी बसायचे, आणि मिळालेल्या मजुरीतून वह्यापुस्तके, खोलीभाडे, पीठमीठ भागवायचे. मोठमोठ्या चित्रकारांचे हात ज्या अंगावरून चित्र शिकले, ते अंग अशाच एखाद्या कष्टकरी आईचे होते. आपल्या भागातूनही किती घरे पोटासाठी बाहेर पडतात, हे आम्ही पालमकरांना सांगायला नको. तिने अंगावरचे वस्त्र उतरविले म्हणून ती नागवी झाली नाही. तिचे नाव पुसले, तिच्या मुलाला तिची लाज वाटायला शिकविली, तेव्हा ती नागवली गेली. आणि ते चित्रकाराने नव्हे, आपण केले.

आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई. डोक्यावरचा पदर ढळला तरी भर बाजारातून विठ्ठलाचे नाव घेत जाईन, असे सांगणारा तिच्या नावाचा अभंग घरोघर गायला जातो. लोक काय म्हणतील हे तिला ठाऊक होते. ज्या मुलखाने तिला संत म्हटले, पदरापलीकडची बाई ओळखली, त्या मुलखाला चित्रातील स्त्री ओळखणे कठीण जाऊ नये.

आम्ही बोललो त्यांतील काही चित्रांचे छापील नमुने येथे टेबलावर ठेवले आहेत. त्यांवर कोठेही कागद चिकटवलेला नाही. व्याख्यान संपल्यावर स्त्रियांनी आणि पुरुषांनी सावकाश पाहावेत. आवडलेच पाहिजे असा आग्रह नाही. एखादे चित्र पाहून, ही बिचारी नागवली गेली आहे, असे आपणांस वाटले तर तसे मोकळेपणाने म्हणावे. तेही चित्राचा अर्थ लावणेच आहे. विनंती एवढीच, की सुरुवात चेहऱ्यापासून करावी.